अर्ध्या ग्लासाची माया

मी एक जुना युक्का आहे, मित्रांनो. दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी माझी कुंडी असते. लांब टोकदार पानांचे दोन झुबके आणि खाली जाडसर खोड, एवढाच माझा थाट. आत यंत्राची घरघर सुरू झाली की बाकावरची मोठमोठी माणसे माझ्याकडे टक लावून बघू लागतात. माझे रूप बघायला ती आलेली नसतात, हे मला चांगले ठाऊक आहे. त्यांना फक्त आतल्या दाराकडे बघायचे नसते. तरी मान मिळतो तो मिळतोच, मी कशाला नाही म्हणू?

माझा जन्म बीतून झालेला नाही. एका नर्सरीत एका उंच, म्हाताऱ्या युक्काचे खोड करवतीने कापले आणि त्याचे दोन-दोन हात लांबीचे तुकडे केले. त्यातलाच मी एक. माझ्या वरच्या कापावर मेण लावले, खालचे टोक रेताड मातीत खोचले आणि मालक म्हणाले, "आता बघ बाबा, तुझं तू." या मालकांना सगळे नर्सरीवाले काका म्हणत. आवाज खणखणीत, हात मातीने कायम काळे आणि स्वभाव म्हणाल तर एक घाव दोन तुकडे.

काकांचा एक नियम होता. पाणी घालायच्या आधी उजव्या हाताचे बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे. बोटाला जराशी जरी ओल लागली, तरी झारी खाली ठेवायची. गिऱ्हाईक रोप घेऊन निघाले की काका त्याला दारातच अडवत. "याला उजेड द्या, लाड देऊ नका. तहानलेला असला तर हा महिनाभर तुमची वाट बघेल. पाण्यात बसवलात तर मात्र न सांगता जाईल." गिऱ्हाईक मान डोलवायचे आणि घरी जाऊन बहुधा उलटेच करायचे.

काकांना एकच मुलगी. तिने नर्सरी चालवावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण ती झाली दातांची डॉक्टर. बापाला राग आला नाही, पण थोडे लागले. त्यात गंमत अशी की काकांचीच एक दाढ कधीपासून दुखत होती. ते एका बाजूने जेवत आणि दुसऱ्या बाजूला लवंग धरून बसत. साप दिसला तर काठीने बाजूला करणारा हा माणूस दातांच्या खुर्चीला मात्र पार घाबरत असे, आणि हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी दुसरा बाणा घेतला होता. "दाढ काही हलत नाही. सावकाश बघू."

मुलीने दवाखाना उघडला त्या दिवशी काकांनी मला पुसूनबिसून तिच्या हवाली केले. तोवर माझ्या अंगावर दोन छान झुबके फुटले होते. ती म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर बसा की खुर्चीत. दाढ बघते." काका दोन पावले मागे सरले.

"हे झाड पाच वर्षं जगवून दाखव," ते म्हणाले. "मग माझी दाढ तुझी."

"बघा हं, शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय. पण झाड हेच पाहिजे, दुसरं नाही चालायचं."

मित्रांनो, थट्टेत बोललेले ते बोलणे दोघांनीही मनावर घेतले, आणि एका माणसाची दाढ माझ्या जिवाला येऊन चिकटली.

पहिली चार वर्षे माझी मजेत गेली. डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी ठेवले. दर सोमवारी दार उघडले की त्या माझी कुंडी पाव फेरा फिरवत, नाहीतर मी उजेडाच्या ओढीने एका अंगाला कलंडलो असतो. खालची एक-दोन पाने पिवळी पडली की त्या हाताने हलकेच ओढून काढत. त्याची त्यांना काळजी नसे, कारण खालची जुनी पाने आमची तशी जातातच. एकदा माझ्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे किडे झाले. पिठ्या ढेकूण म्हणतात त्यांना, आणि रस असा पितात की विचारू नका. पण दवाखान्यात कापूस आणि स्पिरिट यांना काय तोटा? दवाखाना झाडणाऱ्या मावशींनी बोळा बुडवून माझे एकेक पान पुसून काढले. "कधी कुणाच्या दाताला इतकं जपलं नाही मी," असे त्या मला पुसता पुसता म्हणाल्या. तीन आठवडे हा सोहळा चालला आणि किडे गेले.

घोटाळा झाला तो पाचव्या वर्षी, आणि तोही कौतुकापायी.

एका निवृत्त पोस्टमास्तरांना नवी कवळी इतकी फक्कड बसली की ते खूश होऊन एक निळी चकचकीत कुंडी आणि पांढऱ्याशुभ्र गोट्यांची पिशवी घेऊन आले. माझी मातीची कुंडी त्या निळ्या कुंडीत अलगद उतरवली, वर गोटे पसरले, आणि मी नवरदेवासारखा दिसू लागलो. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगलो, खोटे कशाला बोलू? त्या निळ्या कुंडीच्या तळाला भोक नव्हते, हे कुणी पाहिलेच नाही.

आता या दवाखान्याची एक रीत सांगतो. वाट बघणाऱ्याला मावशी ग्लासभर पाणी देत. भीतीने घसा कोरडा पडलेला माणूस दोन घोट घेई, तेवढ्यात आतून हाक येई, आणि उरलेल्या अर्ध्या ग्लासाचे काय करावे हे त्याला कळेना. मग तो इकडेतिकडे बघून हळूच माझ्या कुंडीत ओती. ओतताना त्याच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचे समाधान असे. प्रत्येकाला वाटे, मी एकट्यानेच घातले, आणि घातले तरी किती, अर्धा ग्लास. असे दिवसाला आठ-दहा पुण्यवान.

आधीही कुणी कुणी ओतत असत, पण तेव्हा पाणी खाली बशीत उतरे आणि मावशी ती रिकामी करत. आता ते कुठे जाणार? माझी मुळे दिवसरात्र पाण्यात उभी. श्वास कोंडला. नुसती खालचीच नव्हे, मधली पानेसुद्धा पिवळी पडू लागली. डॉक्टरीणबाई येता जाता बघत, गोट्यांवर बोट टेकवत. गोटे कोरडे ठणठणीत. रोज दुसऱ्यांच्या दाढांची मुळे शोधणारी बाई, पण गोटे बाजूला सारून मातीत बोट घालायचे तेवढे विसरली. मी तिला दोष देत नाही. पण मला फार वाईट वाटले.

मग एके दिवशी काकांचा फोन आला. पुढच्या महिन्यात पाच वर्षे भरत होती, आणि दाढेने त्यांना आता रडकुंडीला आणले होते. बाई आनंदाने बाहेर आल्या आणि माझ्या खोडावर थाप मारली. त्यांचा अंगठा कुजलेल्या खोडात रुतला.

त्या मटकन बाकावर बसल्या. मी गेलो तर काका आल्या पावली परततील, दाढ आणखी सडेल आणि मग उपटण्यावाचून इलाज राहणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, अस्संच दुसरं आणून ठेवू. बाबांना काय कळतंय?"

"मावशी, बाबा एक वेळ मला ओळखणार नाहीत, पण स्वतः लावलेलं झाड ओळखतील," बाई म्हणाल्या. "आणि फसवून खुर्चीत बसवलं, तर तोंड कशाला उघडतील माझ्यासमोर?"

निळी कुंडी काढली तेव्हा तळात चार बोटे पाणी होते, आणि त्याचा वास असा की बाकावरच्यांनी नाकाला रुमाल लावले. "याला पाणी कोण घालतं?" बाईंनी विचारले. सगळे छताकडे बघू लागले. मग पोस्टमास्तरांनी हळूच हात वर केला. त्यांच्या शेजारी बसलेल्या आजींनी केला. बघता बघता बाकावर एकही हात खाली राहिला नाही, आणि सगळ्यात शेवटी मावशींचा वर गेला.

दुपारी दवाखाना बंद करून माझे ऑपरेशन झाले. मावशींनी मला धरले, बाईंनी करवत चालवली. कापावर तपकिरी डाग होता. आणखी दोन बोटे वर कापले, तरी डाग होताच. तिसऱ्या कापाला मात्र आतला गाभा पांढरा, टणक निघाला. बाईंनी सुस्कारा सोडला. माझे अर्धेअधिक खोड टोपलीत गेले होते. कापावर कोळशाची पूड लावून मला पाच दिवस कागदावर कोरडे पडू दिले, मग भोके असलेल्या लहान मातीच्या कुंडीत, रेती मिसळलेल्या मातीत लावले आणि पुन्हा खिडकीशी ठेवले. पाणी म्हणाल तर औषधाइतके.

मग वाट बघणे आले. मी वरून तसाच दिसत होतो, पण खाली काय चालले आहे ते कुणालाच दिसेना. मी मात्र सारी ताकद खाली लावली होती. एक पांढरे मूळ फुटले, मग दुसरे. मित्रांनो, मातीला पुन्हा हात लागल्याचा तो आनंद मला सांगता येत नाही.

ठरल्या दिवशी काका आले. एक गाल हाताने धरलेला. त्यांनी मला बघितले आणि भुवया वर गेल्या. बाईंनी काहीही न लपवता सगळे सांगितले. निळी कुंडी, गोटे, आणि स्वतःची चूकसुद्धा. "मी बोट घालून बघितलं नाही, बाबा," त्या म्हणाल्या.

काकांनी माझे खोड चिमटीत धरले आणि वर ओढले. हलकेच, पण ओढले. मी जिवाच्या आकांताने माती धरून ठेवली.

"धरलंय," काका म्हणाले. मग त्यांनी विचारले, "कुठवर कापलंस?"

"पांढरं लागेपर्यंत."

"हात नाही थरथरला?"

"कापताना नाही. नंतर थरथरला."

काका थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ आतल्या दाराकडे बघत राहिले. त्यांनी चपला काढल्या, टोपी मावशींच्या हातात दिली आणि आत जाऊन खुर्चीत बसले. दार बंद झाले. आतली घरघर ऐकून त्या दिवशी मीच दाराकडे टक लावून बसलो होतो.

दाढ वाचली. मूळ शाबूत होते. तासाभराने काका बाहेर आले तेव्हा अर्धे तोंड बधिर होते. मावशींनी सवयीने पाण्याचा ग्लास दिला. काकांनी दोन घोट घेतले आणि उरलेला अर्धा ग्लास घेऊन ते थेट माझ्याकडे आले. बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. पोस्टमास्तर तर अर्धे उठले.

काकांनी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घातले. बाहेर काढून बघितले. मग उरलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले. बधिर ओठावरून त्यातले निम्मे सदऱ्यावर सांडले, आणि बाप-लेक इतके हसले की मावशींना पदराने डोळे पुसावे लागले.

त्याला आता बरीच वर्षे झाली. कापलेल्या खोडाच्या जोरावर मी पुन्हा खिडकीच्या वर डोके काढले आहे. काका दर सहा महिन्यांनी येतात, आधी माझी माती बघतात आणि मगच स्वतःचे तोंड उघडतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला उजेडात ठेवा, कुंडीला भोक आहे ना ते बघा, आणि वरवर हात न फिरवता मातीत बोट घाला. आणि कधी या दवाखान्यात आलात, तर घाबरू नका, माझ्याकडे खुशाल बघत बसा. पण मावशींनी दिलेला ग्लास पुरता पिऊन टाका.