मला जाळायचे राहिले

मी एक जुना राक्षस आहे, मित्रांनो, आणि हीच माझी तक्रार आहे. राक्षसाने जुने होऊ नये. आमच्या बालीत नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी आम्हाला गावभर मिरवतात आणि दिवस मावळताना स्मशानाजवळ जाळतात. आम्हाला ओगोह-ओगोह म्हणतात. एका संध्याकाळचे आयुष्य, पण काय थाटाचे! मी मात्र वर्ष उलटले तरी उभाच राहिलो. सुळे पिवळे पडले, एका कानात पालीने अंडी घातली. माझ्यावर दया करू नका. ती मला सोसत नाही.

माझा जन्म कादेक सुत्रेस्नाच्या अंगणात झाला. आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळ लावून वर्तमानपत्रांचे थर, मग रंग आणि डोक्यावर काळ्या काथ्याचे केस. सुत्रेस्नाच्या हातात जादू आहे, असे गाव म्हणे. जादू कसली? राग होता. तो परदेशी जहाजावर आचारी असताना इकडे त्याचे वडील वारले. आमच्याकडे प्रेत पुरून ठेवतात आणि सोयीने, कधी वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा, बाहेर काढून दहन करतात. पण थोरला भाऊ मेर्ता थांबला नाही. त्याने वडिलांचे भातखाचर विकले आणि त्या पैशांतून धाकट्याच्या पाठीमागे दहन उरकले. सुत्रेस्ना परतला तेव्हा वडील राख झाले होते आणि खाचरात पाहुण्यांचा बंगला उभा होता, पोहण्याच्या हौदासकट. दोघे भाऊ एकाच आवारात राहत, एकाच देवळीत फुले वाहत. पण बोलणे संपले.

म्हणून सुत्रेस्नाने मला मेर्ताचा चेहरा दिला. तेच फेंदारलेले नाक, तीच गालावरची चामखीळ, फक्त सुळे जास्तीचे. मिरवणुकीत लोक पोट धरधरून हसले. चौकात मला गरागरा फिरवले, झांजा कडाडल्या आणि पहिले बक्षीस मला मिळाले. त्या संध्याकाळी माझ्यापुढे देवही फिके पडले असते, असे मी म्हणतो, आणि माघार घेत नाही.

मग ती घोडचूक झाली. जाळायची वेळ आली आणि सुत्रेस्ना म्हणाला, "बक्षिसाची वस्तू कुणी जाळतं का?" हल्ली पुष्कळ गावांत असेच होते. आम्हाला कलाकृती म्हणून ठेवून देतात आणि आमच्यासमोर फोटो काढतात. सुत्रेस्नाने मला घरी आणले आणि बरोबर मेर्ताच्या दाराकडे तोंड करून उभे केले.

रोज सकाळी तो कॉफी घेऊन माझ्यासमोर बसायचा. माझ्याकडे बघितले की त्याचा राग ताजा व्हायचा. त्याची झोप गेली, मुलांवर तो उगाच डाफरू लागला. त्याच्या बायकोने, सुकेर्तीने, मोबाइलवर कुणा शांतीवाल्या बाबांचे भाषण लावून दिले. 'दीर्घ श्वास घ्या आणि सोडून द्या.'

"सोडून द्या म्हणे!" सुत्रेस्ना उसळला. "त्या बंगल्यात रोज सकाळी गोरे लोक मांडी घालून हेच करतात. माझ्या शेतात बसून मला शांती शिकवणार!"

मला तो त्या वेळी फार आवडला. नातेवाईक येऊन सांगत, हसत राहा, सगळे कर्माचे फळ आहे. असले अर्धवट शहाणपण मला मान्य नाही. राग गिळून टाका, असे आमच्या पूर्वजांनी कधीच सांगितले नव्हते. ते भुतांनाही घास काढून ठेवत. जमिनीवर भात, कांदा, आले, मीठ. भुताला बोलवा, जेवू घाला आणि मग निरोप द्या, अशी जुनी रीत आहे. सुत्रेस्नाने मला बोलावले. पुढचे तो विसरला.

आज पुन्हा तो दिवस आला. सुकेर्ती सकाळपासून कपडे बांधत होती.

"घरात हा तरी राहील, नाहीतर मी तरी. मुलांना घेऊन माहेरी जाते."

"जाशील कुठं? उद्या नव्या वर्षाचा मौनाचा दिवस, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरू देत नाहीत."

"म्हणून तर आजच निघते."

पण निघण्याआधी तिने देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांना बोलावून आणले. त्यांना सगळे जेरो म्हणतात. त्यांनी केळीच्या पानातला भात माझ्या पायांशी ठेवला.

"काय रे कादेक, पाहुण्याला वर्षभर उपाशी ठेवलंस?"

"पाहुणा कसला, जेरो. मेर्ता आहे हा."

"चेहरा मेर्ताचा. आणि हात कुणाचे?"

सुत्रेस्नाने वर पाहिले. माझ्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, जहाजाच्या भटारखान्यात पडतात तसे. रंगवताना त्याला कळलेही नव्हते. मला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. अर्धा मी मेर्तावरचा राग होतो, अर्धा त्याचा स्वतःवरचा.

"जहाज भर समुद्रात होतं, जेरो!" तो ओरडला. "मी काय उडी मारायला हवी होती?"

"नाही रे बाबा. घास दे त्याला."

त्याने भातावर मीठ ठेवले, थोडी दारू जमिनीवर ओतली. तेवढ्यात समोरचे दार उघडले. मेर्ता सगळे ऐकत होता.

"बापा म्हणाले होते, मला मातीत ताटकळत ठेवू नकोस," तो म्हणाला. "तुझी वाट बघायची की त्यांचं ऐकायचं?"

मेर्ता पुढे आला आणि माझ्याखालच्या बांबूला त्याने हात घातला. मग मान वर करून म्हणाला, "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"याहून मोठं आहे, दादा. कामट्या कमी पडल्या."

शेजारीही धावून आले. माझी दुसरी वरात निघाली, झांजांशिवाय. स्मशानाजवळ मेर्ताने पलिता पेटवून सुत्रेस्नाच्या हाती दिला.

"बापांना मी एकट्यानं आग दिली. ह्याला तू दे."

सुत्रेस्नाने पलिता लावला आणि मोठ्याने रडला. चितेपाशी रडलेले आमच्याकडे चालत नाही, आत्म्याची वाट अडते म्हणतात. राक्षसाच्या चितेपाशी मात्र रडायला कुणाची बंदी नाही. ही सोयही आमच्या पूर्वजांनीच करून ठेवली असणार, असे मला वाटते.

खाचर परत मिळणार नाही. चूक कुणाची, हे मला विचारू नका, निवाडे करणे माझे काम नाही. मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील की आम्हाला जपा. मी सांगतो, मला जपू नका! राग आला तर खुशाल त्याला सुळे लावा, भडक रंगवा, चौकात नाचवा, त्याच्या हातांकडे नीट बघा, त्याला पोटभर जेवू घाला. पण त्याला घरात उभे करून ठेवू नका.

आग माझ्या गुडघ्यांपर्यंत आली आहे. दोघे भाऊ एकमेकांना धरून उभे आहेत. खबरदार, कुणी पाणी आणलेत तर!