पारायणातला बुधवार

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. झाले हसून? मग ऐका. मी एक जुनी कवळी आहे.

बोरिवलीला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चार मजली सोसायटी आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका निळ्या वाटीत मी राहते. दिवसा मात्र माझा मुक्काम माझ्या मालकांच्या तोंडात असतो. त्यांचे नाव चंद्रप्रकाश घाग. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय बाहत्तर, वडील गिरणीत होते, स्वतः औषधाच्या कंपनीतून निवृत्त झाले. खाण्याची आवड दांडगी आणि बोलण्याची त्याहून दांडगी. दोन्ही गोष्टींना मी लागते, म्हणून अण्णांचे सगळे गुण-अवगुण मला आतून माहीत आहेत.

माझा जन्म घाटकोपरच्या एका लहानशा खोलीत झाला. काशीराम नावाचे कारागीर तिथे दात बनवत. अण्णांच्या हिरड्यांचा साचा आला, त्यावर मेण चढले, मग गुलाबी प्लास्टिक, आणि मी तयार झाले. पांढरीशुभ्र, एका रेषेत. अण्णा आरशासमोरून हलेनात. पण त्यांच्या पत्नी, जानकीकाकू, काशीरामना म्हणाल्या, "हे दात सिनेमातल्या माणसाचे झाले. ह्यांचा पुढचा एक दात जरासा वाकडा होता. तसा करून द्या ना. नाहीतर घरात कोण परका माणूस आलाय असं वाटेल मला."

काशीराम हसले आणि त्यांनी माझा पुढचा एक दात थोडा कलता केला. मित्रांनो, त्या वाकड्या दाताचा मला फार अभिमान होता.

पहिल्याच महिन्यात अण्णांनी मला बेसिनमध्ये पाडले आणि माझ्या खालच्या भागाचा टवका उडाला. तेव्हापासून काकूंनी फर्मान काढले, "तुमच्या हातात नको. मीच धुवीन." तेव्हापासून रोज जेवण आटोपले की त्या मऊ ब्रशने मला घासत, कोमट पाण्याखाली धरत आणि वाटीत ठेवत. असा नेम आठ वर्षे चालला. त्या आठ वर्षांत त्या एकदाही कंटाळल्या नाहीत.

माझ्यामुळे अण्णांचे उच्चार स्वच्छ झाले. बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ते मोठ्याने पेपर वाचत आणि चाळीस म्हातारे कान देऊन ऐकत. "काय वाचतात, झकास!" असे लोक म्हणाले की मला वाटे, ही माझीच स्तुती आहे. पुढे अण्णा त्या कट्ट्याचे अध्यक्ष झाले. मी फुगले. फुगलेल्याचे काय होते ते आता सांगते.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या गळ्याशी एक गाठ आली. डॉक्टरांनी सुईने तपासणी करायला सांगितली. सोमवारी सुई टोचायची आणि शुक्रवारी रिपोर्ट मिळायचा. अण्णा घाबरले. बाहेर ते शेर असतात, पण काकूंना साधा ताप आला तरी रात्रभर जागतात. त्यांनी देवापुढे उभे राहून सांगितले, "हिचा रिपोर्ट चांगला येऊ दे. सात दिवस पारायण करीन, एकही नेम मोडणार नाही."

शनिवारी पारायण बसले. रोज सकाळी सोवळे नेसून पोथी वाचायची. दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचे, तेही दूध-भात किंवा तूप-पोळी. मीठ नाही, तिखट नाही, दुसऱ्याच्या घरचे अन्न नाही, खोटे बोलणे नाही. मासे तर स्वप्नातसुद्धा नाहीत. काकूंनीही तेच पथ्य धरले. अण्णा म्हणाले, "तू कशाला? तुझी तब्येत बघ." काकू म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी दूध-भात खाणार आणि मी समोर लोणचं चाटत बसू? मला नाही जमायचं."

पहिले तीन दिवस आम्ही सुरेख वाचले. शेजारच्या नलिनीवहिनी आणि आणखी चार बायका ऐकायला येत. माझ्यातून एकेक ओवी खणखणीत बाहेर पडे. सोमवारी काकू सुई टोचून आल्या. गळ्याला पट्टी होती, गिळताना त्यांना त्रास होत होता. तरी अण्णांचा भात त्यांनीच कालवला, मला चावायला सोपा जावा म्हणून अगदी मऊ.

पण त्याच आठवड्यात वॉर्डाच्या निवडणुकीची धामधूम होती. मंगळवारी कट्ट्यावर एक उमेदवार शाल घेऊन आले. अण्णा म्हणाले, "आमची सगळी मतं तुमचीच समजा." तासाभराने नमिता आली. ही मासे विकणारी, फटकळ पण सरळ बाई. या वेळी तीही उभी होती. तिला अण्णा म्हणाले, "पोरी, आमची सगळी मतं तुझीच." तीच जीभ, तेच दात, तेच वाक्य. मला कसेसेच झाले. पण अण्णा खुशीत होते. नमिता म्हणाली, "मग काका, उद्या माझ्या आईकडे जेवायला यायचं. गोराईला. बुधवार आहे, नाही म्हणायचं नाही."

पारायण चालू आहे एवढे एकच वाक्य अण्णांनी बोलायचे होते. ते बोलले नाहीत.

बुधवारी वाचन आटोपून त्यांनी काकूंना सांगितले, "बँकेत जाऊन येतो. हयातीच्या दाखल्याचं काम आहे." मित्रांनो, हेही माझ्याच तोंडून गेले. मग रिक्षा करून आम्ही जेट्टीवर गेलो आणि होडीने खाडी ओलांडून गोराई गावात उतरलो. वाटेत अण्णा स्वतःशीच पुटपुटत होते, "नुसतं भेटून यायचं. बसायचं आणि निघायचं."

नमिताची आई सोनूबाई हिने अंगणातच पाट मांडला होता. तांदळाची भाकरी, कोळंबीचे कालवण, वर तळलेली कोळंबी वेगळी. वास असा की अण्णांच्या तोंडात मी अक्षरशः तरंगू लागले. "खा रं भावा, कोलंबी आताच बंदरावरशी आणली," सोनूबाई म्हणाली. "लाजू नको."

अण्णा लाजले नाहीत. मीही लाजले नाही, हे मला आज कबूल केले पाहिजे. चार दिवस दूध-भात चावून मी विटले होते. मी त्या कोळंबीवर तुटून पडले. इतकी की सालाचा एक तुकडा माझ्या खालच्या भागात शिरून हिरडीला टोचू लागला. अण्णांनी पाठ फिरवून मला काढले, कागदी रुमालात गुंडाळले आणि ताटाशेजारी ठेवले.

सोनूबाई भाकरी आणायला आत गेली, तेवढ्यात फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. काकूंचा आवाज होता, गळ्याच्या दुखण्याने बसलेला. "अहो, दोन वाजून गेले. कुठे आहात?"

"बँकेत," अण्णा म्हणाले. माझ्याशिवाय ते नीट ऐकू जाईना.

"बँकेत दात कशाला काढलेत?"

"हिरडी दुखतेय जरा."

"मग लवकर या. मी जेवायची थांबलेय. भात निवून जाईल."

अण्णांचा हात ताटातच राहिला. त्यांचा चेहरा पडलेला मला रुमालाच्या फटीतून दिसला. ते तसेच उठले, हात धुतले न धुतले आणि "काम निघालं" म्हणत होडीकडे पळाले. मी ताटाशेजारीच राहिले.

खरकट्याबरोबर मी फेकलीच जायची, पण सोनूबाईच्या हाताला रुमाल जड लागला. तिने मला उघडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग धुऊन एका स्टीलच्या डबीत पाणी घालून ठेवले. तिच्या हाताला कोळंबीचा वास होता. काकूंच्या हाताची मला इतकी आठवण कधी आली नव्हती. मी विचार करत होते, काकू जेवल्या असतील का? आणि अण्णांनी घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून पुन्हा दूध-भात खाल्ला असेल का? नंतर कळले की खाल्ला होता.

गुरुवारी सकाळी नमिता डबी घेऊन निघाली. जिना चढतानाच मला अण्णांचा आवाज ऐकू आला. माझ्याशिवाय ते पोथी वाचत होते. शब्द सगळे मऊ आणि ओले झाले होते, निम्मे कळत नव्हते. काकूंची समजूत होती की हिरडी सुजली म्हणून अण्णांनी दात काढून कपाटात ठेवलेत. नमिताने बेल वाजवली. काकूंनी दार उघडले.

"काकू, काकांचे दात," नमिता हसत मोठ्याने म्हणाली. "काल आमच्याकडे जेवताना विसरले. आई रात्रभर हळहळत होती, म्हणाली, बिचाऱ्यानं शेवटची कोलंबी चावली तरी कशानं?" आणि तिने सगळ्यांसमोर डबी उघडली.

खोलीत उदबत्तीचा वास होता. त्यात माझा वास मिसळला. नलिनीवहिनींनी पदर नाकाला लावला. नमिताची नजर चौरंगावरच्या पोथीवर गेली, अण्णांच्या सोवळ्यावर गेली, आणि तिचे हसू मावळले. "अगं बाई," ती म्हणाली, "काका, मला सांगायचं तरी!"

मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून पुन्हा मेण व्हावेसे वाटले. कोणी माझ्याकडे बघू नये, एवढीच इच्छा होती. पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

काकूंनी डबी घेतली. मला वाटले, आता त्या मला आत नेतील, ब्रशने घासतील. त्यांनी डबी अण्णांच्या मांडीजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचे तुम्ही धुवा."

अण्णांनी मला हात लावला नाही. ते खाली बघून उघड्या हिरड्यांनी बोलले, "मी कोळंबी खाल्ली. बँकेत नव्हतो. नमिता, मतांचंही मी तुम्हा दोघांना सारखंच सांगितलंय. जानकी, माझ्यामुळे तुझा रिपोर्ट..."

शब्द बोबडे होते, पण प्रत्येकाला कळले. फोनवरचे सोडले तर आठवड्यातले सगळे खोटे माझ्यासकट, स्वच्छ उच्चारांत बोलले गेले होते. खरे बोलायला अण्णांना मी लागले नाही. याची लाज मला अजून वाटते.

काकू फार दुखावल्या की मालवणीत बोलतात. त्या म्हणाल्या, "माझो रिपोर्ट तुमच्या कोळंबीत नाय. कोळंबी खावची होती तर माका सांगूचा होता, मी करून वाढली असती. पण मी उपाशी वाट बघीत होतंय. माझ्याशी खोटा कित्याक बोललात?"

नमिता हळूच निघून गेली. बायका उठू लागल्या. तेव्हा काकूच म्हणाल्या, "बसा गं. पोथी अर्धी टाकू नये." अण्णा म्हणाले, "ह्या तोंडाने?" काकू म्हणाल्या, "मग दुसरं कुठून आणणार?"

उरलेले दोन दिवस अण्णांनी मला न घालता पोथी वाचली. एकेका ओवीला श्वास घेत, थांबत. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. गाठ साधी होती, गोळ्यांनी जाणारी. अण्णा लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण मला त्यांनी हात लावला नाही.

त्यानंतर अण्णाच मला धुऊ लागले. घाईघाईने, कधी कपड्याच्या साबणाने. पाणी बदलायचे विसरत. माझ्या वाकड्या दातामागे पिवळा थर बसला. मी तक्रार केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

मित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबांची कवळी असेल तर तिला हसू नका. तिला रोज मऊ ब्रशने धुवा, स्वच्छ पाण्यात ठेवा, रुमालात गुंडाळून ताटाशेजारी कधी ठेवू नका. आणि जी माणसे आपल्यासाठी न जेवता थांबतात, त्यांना कुठे आहोत ते खरे सांगा. बाहेरून धुतल्याने माझा कोळंबीचा वास गेला, पण त्या बुधवारचा फोन मला अजून ऐकू येतो.

परवा अण्णांनी कट्ट्यावरून स्वतःहून घरी फोन केला. "जानकी, मी कट्ट्यावर आहे. अर्धा वडापाव खाल्ला. डॉक्टरांनी नको सांगितलाय, तरी खाल्ला. जेवायला थांबू नकोस, मला उशीर होईल."

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "बरं."

त्या संध्याकाळी अण्णांनी मला वाटीत ठेवले आणि ते झोपायला गेले. काकू खिडकीशी आल्या. त्यांनी ब्रश उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग वाटीतले जुने पाणी ओतून त्यांनी नवे घातले. कोमट होते.