शिट्टीमावशींचं नारंगी जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं नारंगी जॅकेट आहे. थंडीत घालतात तसलं गुबगुबीत नव्हे बरं का! मोठ्या यंत्रांच्या आसपास काम करणारी माणसं शर्टावरून घालतात ना, बिनबाह्यांचं, चंदेरी पट्ट्यांचं, ते मी. ऊब देणं माझं काम नाही. मला घातलेला माणूस लांबून दिसावा, एवढ्यासाठीच माझा जन्म. आता माझे तुकडे झाले आहेत आणि त्यातलाच एक तुकडा तुमच्याशी बोलतो आहे. पण लगेच हळहळू नका. माझं आयुष्य छान गेलं आणि अजूनही छान चाललं आहे.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी सुईचे टोचे सोसले. देवपण काही आलं नाही, पण चंदेरी पट्टे मिळाले. मला शिवणारी बाई भारी चोख कामाची होती. पट्टा जरा वाकडा गेला की उसवायची आणि पुन्हा शिवायची. शेजारच्या मशीनवरच्या बायका चिडवायच्या, "अगं, नवरीचा झगा आहे का तो?" ती म्हणायची, "कोणाच्या अंगावर जाणार आहे कोण जाणे. नीट दिसायला नको का ते माणूस?" त्या बाईने मला कधी पुन्हा पाहिलं नाही. पण तिचे उपकार मी विसरलो नाही.

नमुना म्हणून दुसऱ्या दोन जॅकेटांबरोबर माझी रवानगी झाली ती एका वाळू-खडीच्या आवारात. तिथे वाळूचे ढीग, खडीचे ढीग, ट्रकची ये-जा आणि ट्रक भरणारा एक मोठा लोडर. लोडर मागे येताना चालकाला मागचं सगळं दिसत नाही. म्हणून मागे एक बाई उभी राहायची. हात करून वाट दाखवायची आणि थांबायचं असलं की शिट्टी फुंकायची. तिला सगळे शिट्टीमावशी म्हणायचे. बुटकी, बारीक, पण शिट्टी अशी खणखणीत की ट्रकवाले हातातला चहा सांडायचे. आणि लोडर चालवणारा? तो मावशींचा सख्खा जावई! त्यामुळे आवारात चेष्टेला तोटा नव्हता. "सासूच्या शिट्टीवर नाचणारा जावई जगात हा एकच," असं सगळे म्हणायचे आणि जावईसुद्धा हसायचा.

पण मी तिथे पोहोचलो तेव्हा कोणी हसत नव्हतं. आदल्या आठवड्यात लोडर मागे घेताना जावयाला मावशी दिसल्याच नव्हत्या. त्या ओरडून बाजूला झाल्या म्हणून वाचल्या. त्यांचा जेवणाचा डबा मात्र चाकाखाली सापडून पापडासारखा चपटा झाला. "डबाच गेला ना? मी आहे की धडधाकट!" असं म्हणून मावशींनी विषय संपवला. जावयाचा मात्र संपेना. त्याने लोडरची किल्ली ऑफिसात नेऊन दिली आणि फावडं घेऊन वाळू ओढायला लागला. मावशी समजावून थकल्या, घरी बायको समजावून थकली. त्याचं एकच म्हणणं, "मला आई दिसल्या नाहीत. उद्या पुन्हा दिसल्या नाहीत तर मी घरी काय तोंड दाखवू?"

म्हणून तर आम्हा तिघांना बोलावलं होतं. सुरक्षेचं काम बघणाऱ्या मॅडमनी आम्हाला ऑफिसच्या टेबलावर मांडलं. जो तो हात लावून बघू लागला. मावशींना पहिल्या नजरेत आवडलं ते पिवळं जॅकेट. त्याला खिसेच खिसे होते. "शिट्टी इथे, पानाची... आपलं, औषधाची डबी इथे," असं त्यांचं सुरूही झालं. मी कोपऱ्यात पडून होतो. मला वाटलं, झालं, आपण परत खोक्यात.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, टेबलावर सगळीच छान दिसतात. बाहेर चला."

बाहेर ऊन कलायला आलं होतं. लोडर बंद, किल्ली मॅडमच्या मुठीत. त्यांनी जावयाला नुसतं चालकाच्या जागेवर बसायला सांगितलं. तो अंग चोरत चढला. मावशी पिवळं जॅकेट घालून मागे ढिगाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वाळू पिवळी, कठडे पिवळे, पिंपं पिवळी, आणि त्यात मावशीही पिवळ्या!

"मी इथे आहे हो, जावईबापू!" मावशी ओरडल्या.

"आवाज येतोय, आई. माणूस दिसत नाही!"

त्याने आरसा बाहीने पुसला. तरी तेच. दुसरं जॅकेट बरं होतं, पण मावशींच्या गुडघ्यापर्यंत आलं. त्यांनी ते कमरेत गाठ मारून वर खोचलं आणि पट्टे सगळे घडीत गेले. मग मी त्यांच्या अंगावर चढलो. अगदी मापात बसलो. मावशी ढिगाजवळ पोहोचतात न पोहोचतात तोच वरून आवाज आला, "दिसलात! आई, दिसलात!" आणि तो एवढा मोठा माणूस स्टीअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मित्रांनो, मला कोणीतरी पाहिलं म्हणून कोणाला रडू यावं, असा मान किती कपड्यांना मिळतो?

एक परीक्षा बाकी होती. मॅडमनी मला मागून धरून जोरात ओढलं. पुढे बटणांच्या जागी असलेली चिकटपट्टी चर्रकन सुटली आणि मी त्यांच्या हातात आलो.

"अगं बाई, हे तर पहिल्याच दिवशी सुटलं!" मावशींचा चेहरा पडला.

"सुटायलाच हवं. यंत्रात अडकलं तर जॅकेट जाईल, माणूस राहील."

"म्हणजे शिर सलामत तर पगडी पचास!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी जावयाने किल्ली परत घेतली.

तेव्हापासून मी मावशींचा झालो. ऊन, धूळ, पावसाची सर, सगळं आम्ही बरोबर खाल्लं. लेक मला हलक्या हाताने धुवायची, ब्रशने कधी घासलं नाही, सावलीतच वाळवायची. ट्रकवाले लांबूनच हात करायचे. "जावई सासूकडे एवढा टक लावून बघतो, बायकोकडे बघतो का?" अशी नवी चेष्टा आवारात सुरू झाली. मी तर मनातल्या मनात फुगायचो.

पण मित्रांनो, रंग कोणाचा कायमचा असतो? हळूहळू माझा नारंगी फिकटला. धूळ धाग्यात मुरली आणि पट्टे राखाडी पडले. आवारात सगळ्यांना नवी जॅकेटं मिळाली. मावशींनाही मिळालं. त्यांनी काय करावं? ते पिशवीतून बाहेरच काढलं नाही! कपाटात जपून ठेवलं. "चांगलं आहे गं, रोज घालून कशाला खराब करायचं? मोठे साहेब आले की घालीन," असं त्या लेकीला म्हणाल्या. "आणि हे माझं लाभाचं आहे. याच्यात मला कधी काही झालं नाही."

मला तेव्हा किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या आनंदाच्या भरात, मला आता कोणी लांबून हात करत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

एका धुरकट सकाळी लोडर मागे येता येता मध्येच थांबला. जावई खाली उतरला. चेहरा पांढराफटक पडलेला.

"आई, आज फक्त शिट्टी ऐकून थांबलो. तुम्ही दिसला नाहीत."

"काहीतरीच काय! मी रोजच्याच जागी होते."

तो वाद घालत बसला नाही. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "तुम्ही वर बसा. जॅकेट मला द्या." मावशी कुरकुरत चढल्या. त्याने मला कसंबसं अंगावर ओढलं. त्याच्या पोटावर माझी चिकटपट्टी जेमतेम टेकली, काखेत मी करकचून बसलो. बाजूचे मजूर हसू दाबत होते. तो वाळूच्या ढिगाजवळ, मावशींच्या रोजच्या जागी जाऊन गप्प उभा राहिला.

वर मावशींनी आरशात पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. डोळे चोळून पाहिलं.

"जावईबापू... कुठे आहात तुम्ही?"

मावशी आरशावर आणखी वाकल्या.

"अहो, बोला ना! कुठे आहात?"

मावशी खाली आल्या त्या धडपडतच. त्यांनी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले. "त्या दिवशी तुम्हाला असंच झालं होतं ना? आणि मी आपली डब्याचे विनोद करत बसले." मग त्यांनी मला धरून ओढलं. चिकटपट्टी चर्रकन सुटली, अगदी पहिल्या दिवसासारखी. "जॅकेट जाईल, माणूस राहील," त्या पुटपुटल्या. मला जराही वाईट वाटलं नाही. ज्या परीक्षेने मला निवडलं तिनेच मला बाजूला केलं. इतका खरा न्याय मिळायला भाग्य लागतं.

त्याच दुपारी लेक पिशवीतलं नवं जॅकेट घेऊन आली. मला चुकून कोणी पुन्हा घालू नये म्हणून मावशींनी स्वतः कात्री लावली. लावण्याआधी माझ्या खांद्यावरून एकदा हात फिरवला. तेवढं मला पुरलं.

तर मित्रांनो, आम्हाला जपा, पण जपण्यासाठी कपाटात ठेवू नका. नवं जॅकेट अंगावर शोभतं. आणि जुन्यावर कितीही जीव असला तरी त्याची चमक गेली की त्याला निरोप द्या. तुमचा जीव आमच्यापेक्षा मोठा आहे.

माझा हा तुकडा आता लोडरमध्ये आरशाशेजारी टांगलेला असतो. रोज सकाळी जावई मला काढतो आणि माझ्यानेच आरसा लख्ख पुसतो. धूळ सरली की ढिगाजवळ एक बुटकी, नारंगी, झगझगीत बाई उभी दिसते. तो मला खुंटीला अडकवतो, खिडकीतून डोकं बाहेर काढतो आणि ओरडतो,

"दिसलात, आई!"

मग शिट्टी वाजते आणि काम सुरू होतं.