दोन तुटलेले पंखे

त्या रविवारी नानांनी आपल्या जुन्या बुलेटच्या इंजिनाचा बिडाचा सिलिंडर डिझेलने धुऊन ओट्यावर ठेवला आणि ते अंघोळीला गेले. त्यांच्या मुलीला, कोकिळाला, ओटा झाडायचा होता. तिने सिलिंडर उचलला. ओशट, जड, हातातून निसटून फरशीवर आदळला. हवेने गार राहण्यासाठी त्याला बाहेरून पात्यांसारखे पातळ पंखे असतात, त्यातले दोन तुटले. तिने तो तुकड्यांसह परत जागेवर ठेवला. चहाच्या वेळी सांगू, असं ठरवलं.

नाना बाहेर आले. तुकड्यांकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ‘‘ठेवतानाच आपटला वाटतं माझ्याकडून. गेले आता हात.’’

कोकिळाने चहा पुढे केला, पण सांगितलं नाही. नानांनी पान्यांची पिशवी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

दोन महिन्यांनी ती अमळनेरहून एस.टी.ने धुळ्याला आली. सिलिंडर जुन्या धोतरात गुंडाळलेला, तुकडे डब्यात. बीड जोडावं ते धुळ्याच्या वेल्डर निंबाभाऊंनीच, असं नाना म्हणायचे. निंबाभाऊंनी सिलिंडर भट्टीवर हळूहळू तापवला. बोटभर वेल्डिंग, मग हातोडीचे हलके ठोके, मग थांबणं. पुन्हा बोटभर. शेवटी तो गरम राखेच्या पिंपात पुरला. एकदम गार झालं की बीड तडकतं, उद्यापर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मग विचारलं, तुटला कसा?

‘‘नानांच्या हातून पडला,’’ कोकिळा म्हणाली.

‘‘नानाना हातमाईन? मन मानत नही, ताई.’’

तिने तुकड्यांचा रिकामा डबा आपल्या पिशवीत टाकला. तेव्हा निंबाभाऊंनी मान डोलावली आणि समोरच्या लेथवाल्या लीलाधरला हाक मारून सांगितलं की शेवटी शेवटी नानांचेही हात थरथरायला लागले होते. लीलाधर हसला. ‘‘आपलंबी तेच व्हई, भाऊ.’’

म्हणजे आता धुळ्यातही नानांचे हात गेले. उद्या आणखी कुणी विचारील, हे दोघं सांगतील.

पिशवी घेऊन ती निघाली. पायरीवर थांबली, आणि लीलाधरलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘‘निंबाभाऊ, सिलिंडर मी पाडला. नानांना मी सांगितलं नाही. त्यांचे हात शेवटपर्यंत चांगले होते.’’