सुनीतीच्या दाढेचा संताप

मी सुनीतीची वरची, उजवीकडची दाढ बोलतेय. बोलतेय कसली, करवादतेय! ती सहा वर्षांची असताना मी उगवले. तेव्हापासून चणे फोडले, ऊस चावला, कधी कुरकुरले नाही. त्याचं हे फळ!

सुनीतीचे पुढचे दात ओठांबाहेर यायचे. शाळेत 'किसणी' म्हणून चिडवायचे. पोरीला मेलीला नुसते ओठ मिटायला हवे होते, बाकी काही नको. चौऱ्याऐंशी साली वाशीत डॉक्टर झहूर यांनी दवाखाना थाटला, तिथे तिची आई अरुणाबाई तिला घेऊन गेली.

डॉक्टरांनी दोन्हीकडची एकेक उपदाढ उपटली. चांगल्या धडधाकट होत्या हो! जागा केली म्हणे. मग म्हणाले, "वहिनी, पुढचे दात या जागेत न्यायच्या दोन पद्धती आहेत. आधी सुळे मागे न्यायचे, मग पुढचे चार. नायतर सहाही एकदम."

"एकदमच न्या. दहावीच्या आत आटपू दे."

"चालेल. पण तारेने ओढायला आधार मागच्या दाढांचा. त्या पुढे घसरायला नकोत. म्हणून घरी हा पट्टा डोक्यामागून लावायचा. रोज!"

मला कोणी विचारलं? तरी म्हटलं, पट्टा आहे ना पाठीशी, धरीन तग.

कसला पट्टा नि कसलं काय! नवी वसाहत, नवे फ्लॅट. ज्याला त्याला दुसऱ्याचं घर बघायची हौस, ओटा केवढा नि मोरीला फरशी कुठली. दिवसभर बेल. बेल वाजली की अरुणाबाई ओरडायची, "काढ तो पट्टा! लोकांना वाटेल पोरीत काहीतरी खोट आहे!" पट्टा जायचा उशीखाली, आणि लोक गेले तरी तिथेच. डॉक्टरांनी विचारलं की सुनीती म्हणायची, "लावते की!" खोटारडी!

इकडे सहा जण मला ओढतायत, मागून धरायला कोणी नाही. घसरले मी. ज्या जागेत पुढचे दात यायचे, ती अर्धीअधिक मीच अडवून बसले. फट बुजली, पण दात बाहेरच राहिले.

डॉक्टरांनी सुनीतीच्या दातांचा साचा दुसऱ्या एका बाईच्या साच्याशेजारी ठेवला. तिचे सुळे आधी मागे नेले होते, आणि ती पट्टा इमानाने लावायची. दोन्ही साचे बघून डॉक्टर म्हणतात, "सगळे एकदम ही पद्धतच वाईट." घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी!

"मग अजून एकेक दात काढा की," अरुणाबाई म्हणाली. अगं बाई, आम्ही काय मेथीची जुडी आहोत, उपटायला?

तेवढ्यात सुनीती बोलली. "डॉक्टर, पट्टा मी लावतच नव्हते." मग आईकडे वळली. "आई, लोक आले की तुला लाज पट्ट्याची वाटायची, का माझी?"

अरुणाबाईने आणखी दात काढायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मी आता आहे तिथेच राहणार. घास चावतेय, पण राग गेलेला नाही. बायांनो, आधी सुळे न्या नाहीतर सगळे एकदम, तुमची मर्जी. पण लेकीला दवाखान्यात नेता ना, मग तिला घरात लपवू नका.