शिफ्टआधीची सही

इसरूने एक डोळा तळहाताने झाकला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. "त, र, ल, ब, न."

रंजीता नुसती बघत राहिली. शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं. जुना तक्ता पार कळकट झाला म्हणून कालच तिने नवा लावला होता. तो बदललाय हेसुद्धा इसरूला दिसलं नव्हतं.

गडचांदूरजवळच्या एका चुनखडीच्या खाणीवर, ठेकेदाराच्या दवाखान्यात रंजीता चार वर्षांपासून नर्स होती. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. शिफ्टआधी डंपरचे ड्रायव्हर तिच्यासमोर रांग लावायचे. ती रक्तदाब, डोळे, तोंडाचा वास तपासून रजिस्टरवर 'फिट' लिहायची आणि सही करायची. सही झाली की ड्रायव्हरला गाडीची चावी मिळायची.

"इसरूभाऊ, पुन्हा एकदा वाचा."

चोरी पकडली गेली हे इसरूच्या लक्षात आलं. रांगेकडे पाठ करून तो हळूच म्हणाला, "बाई, रिटायर व्हाले दोनच वर्सं राह्यले माये. आता काऊन अडवून राह्यल्या? रस्ता मले पाठ आहे."

"रस्ता पाठ असंल, भाऊ. पण रस्त्यावर माणसं असतात नं."

तिने 'अनफिट' लिहिलं.

दहा मिनिटांत शिफ्टचे इन्चार्ज प्रणित सर आले. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, सदा घाईत. त्या दिवशी दोन ड्रायव्हर आधीच गैरहजर होते.

"सिस्टर, आज लिहून द्या. पुढच्या महिन्यात पाठवतो त्यांना डोळ्यांच्या शिबिराला."

"सर, त्यांना दिसत नाही."

"मग इतके दिवस तुम्ही काय तपासत होता?"

रोजच्या त्या गर्दीत तिने इसरूचा आवाज ऐकला होता, डोळ्यांत कधी पाहिलंच नव्हतं. तिने 'अनफिट' खोडलं, वर 'फिट' लिहिलं आणि सही केली. इसरू चावी घेऊन निघून गेला, तिच्याकडे न बघता.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "सोडून देऊ का मी हे?"

धनराज ओट्यापाशी लसूण सोलत होता. तो कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे त्यालाही ठाऊक नसायचं. "दुसरं भेटलं का कुठी?"

"नाई."

"मंग भेटू दे नं पयले. माय्या नोकरीचं तर तुले माहीतच आहे."

तो रागावून बोलला असता तर भांडता आलं असतं. पण त्याचं म्हणणं खरं होतं. चंद्रपूरच्या दोन दवाखान्यांत तिने अर्ज टाकले होते. एकाने काही कळवलंच नाही. दुसऱ्याला अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते निघणार होतं प्रणित सरांच्याच टेबलावरून.

पुढचे तीन आठवडे ती इसरूला रोज 'फिट' लिहीत गेली. तो आता तक्त्यासमोर उभाच राहत नसे, तीही 'वाचा' म्हणत नसे. खाणीत जखमींना आणणाऱ्या जीपचा हॉर्न जरा जास्त वेळ वाजला तरी ती दारात यायची. एकदा खोलीत कोणी नसताना तिने स्वतःच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब इतका चढलेला होता, की दुसऱ्या कुणाचा असता तर तिने त्याला घरी पाठवलं असतं.

मंगळवारी भर दुपारी जीप आली. मागच्या सीटवर मंगरू आडवा होता. डंपर मागे घेताना झेंडी दाखवायचं त्याचं काम. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. रंजीताने पाय फळीला बांधला, इंजेक्शन दिलं. मंगरूने तिच्या ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"बाई, मी झेंडी दाखवून राह्यलो होतो. तो पाहेच नाई. पाहेच नाई तो!"

इसरू दाराशी उभा होता. आत यायची त्याची हिंमत झाली नाही. अँब्युलन्स मंगरूला चंद्रपूरला घेऊन गेली, तरी तो तिथेच उभा होता.

संध्याकाळी प्रणित सरांनी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. आवाज अगदी मऊ. "सकाळी फिट लिहिलंय. सही तुमची आहे. घाबरू नका, आम्ही सांभाळून घेऊ. चौकशीत फक्त एवढंच सांगा, मंगरू चुकीच्या जागी उभा होता."

आता नोकरी सोडली तर चूक झाकायला पळाली म्हणतील. थांबली तर रोज या माणसाच्या सांगण्यावरून सही करावी लागेल. रात्रभर तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. सुटका कुठेच दिसली नाही.

दोन दिवसांनी चौकशीला अधिकारी आले. तिने लिहून आणलेला कागद त्यांच्या हातात दिला. 'इसरू यांना दिसत नाही हे मला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी अनफिट लिहिलं होतं. सांगण्यावरून ते खोडलं. खोडणारा हात माझा होता.' राजीनामा तिने प्रणित सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

घरी धनराजने राजीनाम्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एखादा महिना थांबली असती तर..."

"एका महिन्यात आणखी कोणाले तरी जीपमधून आणलं असतं."



इसरूला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. बाजारात त्याची बायको कमळा दिसली. रंजीताला पाहून तिने तोंड फिरवलं. मंगरूचा पाय वाचला, पण तो लंगडतो. प्रणित सर अजून तिथेच आहेत. प्रमाणपत्र मिळालं नाही.

चार महिन्यांनी गडचिरोलीच्या एका दवाखान्यात मुलाखत झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरी नोकरी हातात नसताना आधीची का सोडली?"

घरून निघताना तिने 'घरगुती कारण' असं उत्तर ठरवून ठेवलं होतं. पण तिने सगळं सांगितलं, खोडलेल्या शब्दासकट. डॉक्टरीणबाईंनी पेन मिटलं आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ठीक आहे. कळवतो."

त्या पाहण्याचा अर्थ तिला लागला नाही. स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागलेली नव्हती. उन्हात उभी असतानाच धनराजचा फोन आला.

"काय म्हणले?"

"कळवतो म्हणले."

"खरं सांगितलं का?"

"हो."

मग तो म्हणाला, "बरं. जेवली नसशील. काही खाऊन घे, मंग बस गाडीत."