चारोळीचा वास

त्या रविवारी आई सकाळपासून मागच्या अंगणात चुलीपुढे बसली होती. घरात गॅस होता, पण मोठ्या कढईला गॅसची आच पुरत नाही असं ती म्हणायची. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. राजुऱ्यात अकरा वाजून गेले तरी ऊन अंगाला लागत नव्हतं. शेजारच्या गुणाबाईंची साधना सहा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, आणि आमच्या गल्लीत कोणीही बाळंत झालं की लाडू आईनेच करायचे असं ठरलेलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती अंगणवाडी सेविका होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या डोळ्यांपुढे वाढली, आणि त्यांच्या आया तिच्या लाडवांवर उठून बसल्या.

मी ओट्यावर खुर्ची टाकून वाचत होते. चंद्रपूरला कॉलेजात शिकवते, शनिवारी संध्याकाळी घरी येते, सोमवारी सकाळच्या बसने परत जाते. भिंतीपलीकडून गुणाबाईंनी डोकावून पाहिलं.

"काऊन ठमाबाई, प्रोफेसरीणबाईले काई काम नाई सांगत का?"

"ते पुस्तकातले लाडू बांधून राह्यली," आई म्हणाली. "आपल्यापेक्षा गोल होतात तिचे."

"मंग आमच्या साधनाले तेच द्या!"

दोघी हसल्या. मीही हसले, पण पान सोडलं नाही.

आईने डिंक तळला. तो फुलताना होणारा तडतडाट ती मान कलती करून ऐकायची आणि आवाज थांबला की झारा घालायची. खसखस रंगावर भाजायची. सुंठ, पिंपळी, जायफळ यांचं प्रमाण तिच्या बोटांत होतं. हे सगळं ती नाकाशिवाय करत होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा वास गेला तो परत आला नाही. चवही जवळपास गेली. तिखट कळायचं, खारट कळायचं, बाकी सगळं भुश्यासारखं लागतं म्हणायची. तेव्हाच तिने मला बजावलं होतं, "नंदे, माह्या नाकाचं कोणाले सांगू नको. बाळंतिणीच्या घरचे माह्या हातचं घेणार नाईत मंग."

तेव्हापासून जे काम नाकाचं, ते ती शनिवारपर्यंत मागे ठेवायची. दूध नासलं का, तुपाला वास लागला का, डाळ कीड लागून कुबट झाली का, सगळं मी सांगायचं. मी आले की पिशवी ठेवायच्या आधी दोन-चार डबे माझ्यापुढे यायचे. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. नंतर कंटाळा यायला लागला होता. हे लिहितानाही तो शब्द बदलावा असं वाटलं, पण शब्द तोच आहे.

चारोळी एटापल्लीकडचा लालसू उन्हाळ्यात आणून देतो. मे महिन्यातली चारोळी डिसेंबरला सात महिन्यांची होते. चारोळी लवकर खवट होते, आणि खवट चारोळी दिसायला अगदी चांगल्या चारोळीसारखीच असते. मूठभर दाणे सगळा घाणा घालवतात.

आई पितळी ताटली घेऊन ओट्यापाशी आली. हात पिठाचे होते म्हणून तिने ताटली मनगटांवर तोलून धरली होती.

"वास घेऊन सांग ना जरा. खवट तं नाई?"

मी ताटलीकडे तोंड वळवलं. डोळे ओळीवरच होते. श्वास आत घेतला नाही. "छान आहे," मी म्हणाले. आणि तेवढ्याने भागलं असतं, तरी पुढे म्हणाले, "मस्त वास येतोय."

ती खूश होऊन गेली. दुपारी दोनपर्यंत सत्तर लाडू वळून झाले. बाळंतिणीच्या तोंडात पहिला घास पडल्याशिवाय घरातल्या कोणी लाडू चाखायचा नाही, हा तिचा नियम होता. तो आम्ही पाळला. संध्याकाळी डबा मीच भिंतीवरून गुणाबाईंच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी मी बसला निघण्याच्या तयारीत असताना गुणाबाई डबा घेऊन दारात आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच आई उठून उभी राहिली.

"बाई, राग नोका मानू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साधनानं घास घेतला अन थुंकून टाकला. मले वाटलं पोरगी नखरे करते. मंग मी खाऊन पाह्यला. चारोळी खवट हाये वाटते. लेकरू अंगावर पिते ना तिचं, म्हणून..."

आईने डब्यातला लाडू उचलून तोंडात टाकला आणि चावत राहिली. तिला काही कळणार नव्हतं. गुणाबाईंना ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक लाडू फोडून खाल्ला. जिभेवर जुन्या तेलाची राप चढली आणि घशात कडवटपणा उतरला.

"थोडी झालीय खवट," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघत होती. तिला विचारता आलं असतं, काल तर तू छान म्हणाली होतीस ना? पण तसं विचारलं असतं, तर गुणाबाईंना नाकाचं कळलं असतं. की तिने मला सांभाळून घेतलं? मला ठरवता आलेलं नाही.

"चूक माझीच झाली, गुणाबाई," ती म्हणाली. "घाईघाईत पाह्यलंच नाई मी. पोरीले म्हणा, दुसरे करून देतो."

"राहू द्या बाई, वय झालं आता तुमचं. किती कराल लोकायचं?"

त्या प्रेमानेच बोलल्या. आईने डबा दोन्ही हातांनी घेतला. मी घड्याळ पाहिलं, चपला घातल्या आणि नऊची बस पकडली.

संध्याकाळी फोन केला, तेव्हा तिने जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग म्हणाली, "आता नाई करत मी कोणाचे लाडू. हातच गेला माहा."

"असं काय बोलतेस, होतं कधीकधी," मी म्हणाले.

"तुले वास आला नवता का गं?"

"तेव्हा नव्हता येत. जायफळाच्या वासात कळलं नसेल."

"हाव, तसंच झालं असन," ती म्हणाली.

मंगळवारी पहाटे ती चहाचं आधण ठेवताना पडली. गुणाबाईंनी भांड्याचा आवाज ऐकला. मी पोचले तेव्हा गल्लीतल्या बायांनी तिला पांढरं पातळ नेसवलं होतं. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

पुढचे सहा दिवस बायका येत होत्या, चहा करत होत्या, माझ्यापाशी बसत होत्या. लाडवांची गोष्ट सगळ्यांना कळली होती. कोणी वाईट बोललं नाही. कोपऱ्यावरच्या नीलाबाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी बाईचा हात गेला होता. दिसून राह्यलं होतं मले. मागच्या संक्रांतीतही तिळाची वडी कडक झालती." आणि बाकीच्यांनी मान हलवली. एकेकीला काहीतरी आठवू लागलं. कोणाला भाजीत मीठ जास्त झालेलं आठवलं, कोणाला पोळी करपलेली. तेवढ्या दिवसांत माझी आई म्हातारी, विसराळू झाली. मी तिथेच बसून ऐकत होते आणि मान हलवत होते.

गुणाबाई त्यांच्यात बसत नव्हत्या, कामं करत होत्या. पाचव्या दिवशी भांडी घासता घासता त्या एकदम थांबल्या.

"नंदा, मी डबा वापस आणला नसता तं बाई आज राह्यली असती का?"

"नाही हो मावशी. डॉक्टरांनी सांगितलं ना, आधीपासूनच होतं."

"पण तिनं मनाले लावून घेतलं. मी फेकून दिले असते लाडू, काय बिघडलं असतं? साधना रोज रडते. म्हणते, मी थुंकले म्हणून ठमाबाई गेल्या."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग उरलेली भांडी विसळायला घेतली. आईने नाकाचं कोणाला सांगू नको म्हटलं होतं, मी तिचा शब्द पाळते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मी पुष्कळ वाचलेलं आहे, त्यामुळे स्वतःला पटतील अशी वाक्यं पटकन सापडतात.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. दारापुढे मंडप घातला होता. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, तेव्हा सगळ्यांसोबत माझे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग रिवाजाप्रमाणे एकेकजण उठून आईबद्दल बोलू लागला. तिच्या हाताखाली शिकलेला एक ट्रक ड्रायव्हर बोलला, अंगणवाडीच्या सुपरवायझर बाई बोलल्या. नीलाबाई उठल्या आणि माईक तोंडाला लावून म्हणाल्या, "हात थकला होता, पण मन नाई थकलं बाईचं. शेवटचेही लाडू तिनं जीव लावून केले. बिघडले तं बिघडले, आपण सगळ्यायनं माफ केलं." मंडपात हुंदके ऐकू आले. गुणाबाईंनी पदर तोंडात धरला होता. त्यांच्या मागे साधना मांडीवर बाळ घेऊन, मान खाली घालून बसली होती.

सगळ्यांत शेवटी माझं नाव पुकारलं. मी दोन पानं लिहून आणली होती. अंगणवाडी, चूल, बाईचे कष्ट. चांगली लिहिली होती. माईकपुढे उभी राहिले आणि समोरचे सगळे चेहरे मला आईला माफ केलेल्या लोकांचे दिसले. आणि तेव्हा कळलं की आईचं गुपित आणि माझं गुपित ही दोन वेगळी आहेत. तिचं मी ठेवू शकत होते. माझं ठेवायला मला तिची परवानगी कधीच नव्हती.

कागद मी घडी करून मुठीत धरला.

"आईचा हात गेला नव्हता," मी म्हणाले. आवाज फार मोठा आला, म्हणून माईक थोडा लांब धरला. "गुणामावशी, तुमची काही चूक नाही. साधना, तुझी नाही. आईने चारोळी लाडवात तशीच टाकली नव्हती. तिने ताटली माझ्यापुढे धरली होती. म्हणाली, वास घेऊन सांग, खवट तं नाई? मी पुस्तक वाचत होते. मी वास घेतलाच नाई. छान आहे म्हटलं. मस्त वास येतोय म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा आणला, तेव्हा ती म्हणाली चूक माझी, अन मी तिथंच उभी होतो, मी काई बोललो नाई. संध्याकाळी तिनं मले फोनवर विचारलं, तवाही मी खोटं बोललो. लाडू माह्यामुळं बिघडले. आईनं मले विचारलं होतं."